पोलीस ठाण्याला विचारण्याचा हक्क

आमच्या गावात रेल्वेरुळांखालून जाणारी एक मोरी आहे. एमआयडीसीतल्या दुसऱ्या पाळीच्या बायका रात्री साडेअकराच्या सुमारास तिथूनच घरी परततात. मी नगरसेविका असताना एका पावसाळ्यात मोरीतले दोन्ही दिवे बंद पडले आणि पुढच्या दोन महिन्यांत तिघींची मंगळसूत्रं ओढून नेली गेली. मी पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि दिव्यांचं काम नगरपरिषदेचं असल्याचं सांगितलं. नगरपरिषदेच्या विद्युत विभागात गेले. तिथे कळलं की दिवे दोनदा बदलले होते, पण कुणीतरी ते फोडतं आणि फोडणाऱ्याला धरणं पोलिसांचं काम आहे. मग सर्वसाधारण सभेत विषय काढला. कायदा-सुव्यवस्था हा सभागृहाच्या कक्षेतला विषय नाही, असं मला सांगण्यात आलं. इतिवृत्तात माझ्या बोलण्याची एक ओळसुद्धा आली नाही. दिवे शेवटी लागले ते विसर्जनाची मिरवणूक त्या वाटेनं जायची होती म्हणून.

या गोष्टीत कुणी वाईट माणूस नव्हता. साहेब कामसू होते, विद्युत विभागातला अभियंता खोटं बोलत नव्हता आणि सभेच्या अध्यक्षांनी कायद्यात आहे तेच सांगितलं. दिवा आणि चोरी या दोन्ही गोष्टी एकाच मोरीत घडत होत्या, पण दोन्हींबद्दल एकत्र बोलता येईल असं टेबल गावात कुठंच नव्हतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. गावच्या आणि शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाला आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क हवा आणि ठाण्यावर उत्तर देण्याचं बंधन हवं. हुकूम सोडण्याचा अधिकार मी मागत नाही. या दोन गोष्टींतला फरक पुसला गेला तर काय होतं, तेही पुढे सांगणार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. आपला पोलीस कायदा 1951 चा आहे. मूळचा मुंबई पोलीस अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो आणि त्यानुसार पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडे आहे. 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती 1992 मध्ये संमत झाली, तेव्हा पंचायतींसाठी 29 आणि नगरपालिकांसाठी 18 विषयांची यादी तयार झाली. नगरपालिकांच्या यादीत रस्ते, झोपडपट्टी सुधारणा, बागा, पथदिवे, वाहनतळ, बसथांबे, अगदी दहनभूमीसुद्धा आहे. पोलीस नाही. म्हणजे ज्या गोष्टींमुळे एखादी गल्ली सुरक्षित किंवा असुरक्षित होते त्यातल्या निम्म्याअधिक पालिकेच्या हाती आहेत, उरलेल्या ठाण्याच्या हाती आहेत आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावणारं कलम कुठेच नाही. ठाण्याच्या हद्दी आणि प्रभागांच्या हद्दीही जुळत नाहीत. एका प्रभागात दोन ठाणी येतात, एका ठाण्यात पाच प्रभाग येतात, आणि 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य तक्रारदाराला दोन्हीकडे ऐकावं लागतं.

खेड्यात चित्र थोडं वेगळं दिसतं, पण फक्त वरवर. पोलीस पाटील हा गावातला माणूस. पिढीजात पाटीलकी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला संपली आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. त्याला नेमतो प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. गावात भांडण झालं, अनोळखी माणूस आला, विहिरीत प्रेत सापडलं तर त्यानं ठाण्याला कळवायचं. ग्रामसभेला तो काहीच देणं लागत नाही. सगळी माहिती गावातून वर जाते आणि वरून गावाकडे काही येत नाही. आपली सगळी पोलीस व्यवस्थाच याच दिशेनं वाहते, आणि त्याचं मूळ जुनं आहे. 1857 नंतर इंग्रजांनी 1861 चा पोलीस कायदा केला. रयतेनं पोलिसांना जाब विचारावा हा विचार त्यात असण्याचं कारणच नव्हतं. स्वातंत्र्यानंतर गणवेश बदलला, टोपी बदलली, कायद्याचं नाव बदललं. दिशा तीच राहिली.

त्याआधीची व्यवस्था फार चांगली होती, असंही मी म्हणणार नाही. मराठेशाहीत गावात चोरी झाली की गावच्या जागल्यानं, बहुतेक ठिकाणी रामोशानं, चोराचा माग काढायचा. माग शिवेपार गेला की जबाबदारी पुढच्या गावावर. आपल्या शिवेत माग हरवला तर नुकसानीचा बोजा त्याच गावावर. जबाबदारी इतकी स्पष्ट होती की आजही हेवा वाटावा. पण पुढे त्याच रामोशांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं आणि आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. गाव स्वतःची सुरक्षा स्वतः बघत होतं या आठवणीत रमताना त्या सुरक्षेचा भार कोणाच्या पाठीवर होता, हे विसरता येत नाही.

आता भिवंडी. या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानं एकदा स्वतःच शोधलं होतं आणि मग हातातून घालवलं, म्हणून भिवंडीपाशी मला थोडं जास्त थांबायचं आहे.

यंत्रमागांच्या या शहरात मे 1970 मध्ये मोठी दंगल झाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं तिची चौकशी केली. चौदा वर्षांनी, मे 1984 मध्ये, पुन्हा दंगल पेटली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरात मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. प्रत्येक कमिटीत त्या वस्तीतले हिंदू आणि मुसलमान दोघेही, आणि बैठकीला त्या बीटचा पोलीस. जुन्या शांतता समित्यांत सणाच्या आदल्या आठवड्यात तेच ठरावीक पुढारी येऊन हारतुरे घेऊन जात. इथे रिक्षावाले, माग चालवणारे, दुकानदार, गृहिणी बसायच्या. आणि चर्चा धर्मावर नव्हती. नळावरचं भांडण, नवराबायकोचा वाद, गटारावरून झालेली हाणामारी, भाडं थकलेलं, असले विषय. ही रोजची भांडणं गल्लीतच मिटू लागली. बीटचा शिपाई वस्तीला नावानं ओळखू लागला आणि वस्ती शिपायाला.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा 900 नोंदवला. तिथून काही मैलांवरची भिवंडी शांत राहिली. ज्या शहराच्या नावानं एकेकाळी पोलिसांच्या अंगावर काटा यायचा, ते शांत राहिलं. एवढ्या मोठ्या घटनेचं श्रेय एकाच योजनेला देता येतं का, यावर अभ्यासकांनी वाद जरूर घालावा. पण अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला माणसं एकमेकांच्या ओळखीची होती, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. मुंबईनंही ते पाहिलं. 1993 नंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलियो रिबेरो आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली.

मग भिवंडीत जुलै 2006 आला. पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जागेवरून वाद चिघळला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. कारण होतं एक इमारत कुठे बांधायची. जमीन, बांधकाम, शेजारची वस्ती हे सगळे पालिकेच्या रोजच्या कामातले विषय. त्या ठाण्याबद्दल त्या वस्तीशी बोलायला 1990 साली जागा होती, ती 2006 साली तितक्या ताकदीनं उरलेली नव्हती.

का उरली नव्हती? मोहल्ला कमिटीला कायद्याचा आधार नव्हता. ती एका अधिकाऱ्याची दृष्टी होती. त्यांची बदली झाली. नंतर आलेल्या काहींनी ती जपली, काहींना त्यात रस नव्हता, आणि रस नसलेल्या अधिकाऱ्याला 'बैठक का घेतली नाही' असं विचारणारा कुणी नव्हता. कमिटीत कोण बसणार हे ठाणं ठरवत होतं. ती कधी बसायची आणि कधी बंद पडायची हेही ठाणंच ठरवत होतं. खोपडे यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे लिहिते. चांगल्या अधिकाऱ्यानं उभं केलेलं काम पुढच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणं हा त्या कामावरचा अन्याय आहे.

आर. आर. आबांनी 15 ऑगस्ट 2007 ला सुरू केलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम एका बाबतीत भिवंडीच्या पुढे गेली. समिती ग्रामसभेत निवडली जाऊ लागली. गावानं गावासमोर हात वर करून माणसं निवडायची, ही मोठी गोष्ट होती. पण मोहिमेला बक्षीस जोडलं होतं आणि बक्षिसाला मिटवलेल्या तंट्यांचा आकडा. मी पाहिलेल्या काही गावांत त्याचा भार बायकांवर पडला. नवऱ्यानं मारलं तरी 'गावाचं बक्षीस जाईल, तक्रार मागे घे' असा दबाव यायचा. समिती ठाण्याला काही विचारत नव्हती, ती ठाण्याचं काम हलकं करत होती. बक्षिसांचा जोर ओसरला आणि अनेक गावांत समिती फक्त फलकावर राहिली.

म्हणजे आपल्याकडे दोन अर्धे प्रयोग झाले. एकात पोलीस लोकांसमोर बसले, पण लोकांची निवड लोकांनी केली नाही. दुसऱ्यात निवड लोकांनी केली, पण पोलिसांना काही विचारायची सोय नव्हती. हे दोन अर्धे एकत्र आणायचे आहेत.

माझ्या मागणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी गंभीरपणे घेते. नगरसेवकाला पोलिसांत शिरकाव दिला की काय होईल? आजही रात्री दहा वाजता ठाण्यात फोन वाजतो: 'आपला पोरगा आहे, सोडून द्या.' मी पाच वर्षं त्या खुर्चीवर होते. असे फोन करा म्हणून माझ्याकडेही माणसं यायची, आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणाले असं मी सांगणार नाही. ज्या सभागृहातल्या काही सदस्यांच्या प्रतिज्ञापत्रांतच गुन्ह्यांची यादी असते, त्या सभागृहापुढे ठाणेदारानं उभं राहायचं का?

याहून मोठी भीती बहुमताची आहे. गावाला पोलिसांवर ताबा दिला तर पहिली धाड पारध्याच्या पालावर पडेल. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच चोर ठरवलं, ते 31 ऑगस्ट 1952 ला कागदावर मुक्त झाले. आजही गावात चोरी झाली की कोणाच्या पालावर जायचं हे अनेक गावांत आधीच ठरलेलं असतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यांना कोंडून मारलं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. स्थानिक स्वराज्याबद्दल लिहिताना ती खोली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गावाचं मत आणि न्याय या एकच गोष्टी आहेत असं मी कधीही म्हणू शकणार नाही.

म्हणूनच हक्क विचारण्याचा असावा, हुकमाचा नसावा. कोणाला अटक करायची, कोणाला सोडायचं, तपास कसा करायचा, कोणाची बदली करायची, कोणाला तडीपार करायचं, यातलं काहीही सभागृहाकडे जाता कामा नये. व्यक्तीचं नाव घेऊन प्रश्न विचारायलाच बंदी हवी. आणि जे विचारायचं ते उघड्या सभेत, लेखी, इतिवृत्तात नोंदवून. रात्री दहाच्या फोनची ताकद तो कुणी ऐकत नाही यात असते. नगरसेवकाला उघडपणे विचारायला जागा दिली की चोरून विचारण्याचं त्याचं समर्थन संपतं. आज त्याच्याकडे फोनशिवाय दुसरा मार्गच नाही, आणि प्रभागातले लोक तर त्याच्याकडे रोज येतात.

काय विचारावं? आपल्या हद्दीत गेल्या महिन्यात किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती गुन्हा म्हणून नोंदल्या आणि किती अदखलपात्र म्हणून कागदावर राहिल्या. 112 ला फोन केल्यावर गाडी पोचायला सरासरी किती वेळ लागला आणि कोणत्या वस्तीत सगळ्यात जास्त. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि हजर माणसांतली किती जण महिन्यातले किती दिवस बाहेरच्या बंदोबस्ताला गेले होते. बेपत्ता मुली किती, सापडल्या किती. प्रतिबंधक कारवाई कोणत्या वस्त्यांत किती झाली. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पालावरच्या धाडी त्याच आकड्यात दिसतात. ठाण्यातल्या पोलिसांविरुद्ध किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं. आणि उलट बाजूनं ठाण्यानं सभागृहाला विचारावं: या सहा ठिकाणी दिवे नाहीत, या चौकात अपघात होतात, या बागेचं फाटक रात्री उघडं राहतं, तुम्ही काय केलंत? माझ्या मोरीचा प्रश्न अशा एका बैठकीत सुटला असता.

पोलिसांनाही याचा फायदा आहे आणि तो लहान नाही. बंदोबस्ताला बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या महिला शिपायाला जवळपास स्वच्छतागृह नसतं. स्वच्छतागृह बांधतं कोण? पालिका. चौकी गळते, चौकीत पाणी नाही, पोलीस वसाहतीतली गटारं तुंबलेली. हे विषय आज वरिष्ठांमार्फत मंत्रालयाच्या दिशेनं जातात आणि वाटेत हरवतात. ठाण्यात निम्मी माणसं नाहीत हे ठाणेदार स्वतः जाहीरपणे बोलू शकत नाही. निवडून आलेलं सभागृह बोलू शकतं, ठराव करू शकतं, सरकारला लिहू शकतं. पैशाचंही तसंच आहे. चौकाचौकातले कॅमेरे नगरसेवक निधीतून आणि आमदार निधीतून बसतात, पोलिसांच्या गाड्या जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून येतात. स्थानिक लोकांचा पैसा ठाण्यात जातो, पण त्यातले किती कॅमेरे चालू आहेत हे विचारायची जागा स्थानिक लोकांना नाही.

वरच्या पातळीवर सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 22 सप्टेंबर 2006 ला सात निर्देश दिले. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य सुरक्षा आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आणलं. न्यायालयानं जिल्हा पातळीवर प्राधिकरण मागितलं होतं, आपण ते विभाग पातळीवर ठेवलं. कोठडीतला मृत्यू किंवा गंभीर दुखापत यांसारख्या प्रकरणांसाठी ही यंत्रणा लागतेच. पण ती घडून गेल्यावर चालते आणि तिथवर पोचायला माणूस आधी पूर्ण मोडावा लागतो. रोजच्या कामाचा रोजचा हिशेब ही वेगळी गरज आहे. सात निर्देशांचा मुख्य भर पोलिसांना राज्यकर्त्यांच्या दबावापासून वाचवण्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. गल्लीला ठाण्याशी जोडणं त्यात नाही.

ज्या देशांनी हे करून पाहिलं त्यांचे अनुभव मिश्र आहेत, पण शिकण्यासारखे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1998 च्या कायद्यानं स्थानिक परिषद आणि पोलीस यांना मिळून आपल्या भागाच्या सुरक्षेचा आराखडा करणं बंधनकारक झालं. पुढे परिषदांच्या छाननी समित्यांना त्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकारही मिळाला. नंतर त्यांना वाटलं की एकच निवडून आलेला माणूस असावा. 2012 मध्ये पोलीस दलांवर देखरेख करणारी आयुक्तांची पदं थेट निवडणुकीनं भरली. पहिल्या वेळी मतदान जेमतेम 15 टक्के झालं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारनं 2028 पासून ही पदं रद्द करायचं जाहीर केलं. एका माणसाच्या हाती सगळी देखरेख दिली की तो माणूस आणि पोलीस यांच्यातलं नातं हाच मुख्य विषय बनतो, असा मी त्याचा अर्थ लावते. शिकागोनं दुसरी वाट धरली. तिथल्या 22 पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी तीन सदस्यांची परिषद 2023 मध्ये निवडून आली. दर महिन्याला उघडी बैठक घेणं हे त्यांचं काम. जवळचं उदाहरण हवं असेल तर केरळ. 2008 पासून तिथे जनमैत्री योजनेत बीटचा पोलीस घरोघर जातो आणि ठाण्याला लोकांची समिती जोडलेली असते.

आपल्याकडे नवं सभागृह उभारायची गरज नाही. प्रभाग समिती घटनेतच आहे, ग्रामसभा आहे. क्षेत्रसभांची, म्हणजे शहरातल्या वस्तीपातळीवरच्या मतदारांच्या सभांची, तरतूद 2009 पासून कायद्यात पडून आहे. त्यांच्या विषयपत्रिकेवर तीन महिन्यांतून एकदा पोलीस ठाण्याचा अहवाल यावा आणि ठाणेदारानं स्वतः हजर राहावं, एवढी दुरुस्ती राज्य सरकार करू शकतं. एक भर मात्र हवीच. त्या बैठकीत भटक्या-विमुक्तांच्या, अल्पसंख्याकांच्या आणि एकट्या राहणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधींना बोलण्याचा हक्क लिहून द्यायला हवा, कारण सभागृहातल्या बहुमतात त्यांचा आवाज येत नाही आणि पोलिसांशी सर्वांत जास्त गाठ त्यांचीच पडते. लोकांना सुरक्षेचा निर्णय झेपत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दारूबंदीच्या मतदानातली आडवी बाटली आठवावी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मत दिलं तर गावातलं दारूचं दुकान बंद होतं. दुकानदाराचा पैसा आणि दमदाटी झेलून शेकडो मैल लांबच्या मजुरीवरून खास मतदानाला आलेल्या बायका या राज्यानं पाहिल्या आहेत.

आणि एक खुर्ची तर आधीच मिळालेली आहे. 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, प्रवेशद्वारावर, मार्गिकेत कॅमेरे बसवून 18 महिन्यांचं चित्रण जपायचा आदेश दिला. कोठडीत काय घडलं याचा पुरावा राहावा म्हणून. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती नेमायला सांगितली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि चौथा सदस्य म्हणून जिल्ह्यातल्या एखाद्या पालिकेचा महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. घटनेनं पालिकेला जे दिलं नाही ते न्यायालयाच्या एका वाक्यानं दिलं: ठाण्याच्या आत काय चाललंय यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत लोकांनी निवडलेला एक माणूस.

त्यानंतर सव्वा वर्षात, मार्च 2022 पासून, मुंबईसह राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. महापौरच नव्हते, अध्यक्षच नव्हते. जिथे प्रशासक होते तिथे समितीतली ती चौथी खुर्ची लोकांच्या प्रतिनिधीविना राहिली. उरलेले तिघेही सरकारी अधिकारी. याबद्दल कुठे आंदोलन झालेलं मला आठवत नाही. मलाही ती खुर्ची आहे हे उशिरा कळलं, आणि याचा मला त्रास होतो, कारण मोरीतल्या दिव्यासाठी मी इतकी वणवण केली आणि कोठडीतल्या कॅमेऱ्यावर आपल्या माणसाचा हक्क आहे हे मला ठाऊक नव्हतं.

जिथे सभागृहं आता पुन्हा भरली आहेत, तिथल्या सदस्यांनी पहिल्याच एखाद्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा. जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावं: आपल्या जिल्ह्याच्या या समितीत चौथा सदस्य कोण आहे, शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, जिल्ह्यातल्या किती ठाण्यांत आज कॅमेरे चालू आहेत आणि किती बंद. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. विषय कक्षेबाहेरचा आहे असं कुणी म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत सभागृहाच्या टेबलावर ठेवावी आणि आपलं बोलणं इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय खाली बसू नये.